दोन गोगलगायींचा चाकू

नर्सरीत नवीन माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी बजावल्या जायच्या. एक, मागच्या टाकीचं पाणी प्यायचं नाही. दोन, वहिनींचा चाकू मागायचा नाही. पहिली गोष्ट विसरली तर पोट बिघडायचं, तेवढंच. दुसरी विसरली तर वहिनी एक अक्षर बोलायच्या नाहीत. चाकू मिटून एप्रनच्या खिशात टाकायच्या आणि समोरच्याकडे अशा काही बघायच्या की तो बिचारा दिवसभर लांबच्या वाफ्यात काम शोधत फिरायचा.

आणि खरं सांगायचं तर मागून उपयोगही नव्हता. तो चाकू दुसऱ्या कुणाच्या हातात चालायचाच नाही. भाजीच्या सुरीला दोन्ही अंगांनी उतार असतो, म्हणून ती कुणाच्याही हातात चालते. कलमाच्या चाकूचं तसं नसतं. त्याच्या पात्याला एकाच अंगाला उतार, दुसरं अंग साफ सपाट. ते सपाट अंग काडीवर टेकवून काप घ्यायचा, म्हणजे काप सरळ येतो. जगातली बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून चाकूही त्यांच्याच सोयीचे. वहिनींच्या चाकूचा उतार मात्र उलट्या अंगाला होता. तो डावऱ्या माणसासाठी घडवलेला चाकू होता. आणि वहिनी चांगल्या धडधडीत उजव्या हाताच्या!

तो डावरा माणूस म्हणजे वहिनींचे सासरे. वहिनी त्यांना मामंजी म्हणायच्या. आयुष्यभर माणसानं कलमं केली, पण पोटच्या मुलाला झाडांचं वावडं. म्हणजे झाडांनाच त्याचं वावडं होतं म्हणा. त्यानं पाणी घातलं की निवडुंगसुद्धा मान टाकायचा. तो शाळेची बस चालवायचा आणि त्यात सुखी होता. मग लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मामंजींनी सुनेला समोर बसवलं आणि म्हणाले, “बघ.”

शिकवणं म्हणजे एवढंच. मागच्या दारी मधे एक लाकडी खोकं, त्याच्या एका बाजूला ते, समोर ही. ते काप घ्यायचे, ही बघायची. मामंजी चाकू अंगापासून लांब ढकलायचे आणि ढकलताना त्यांच्या तोंडून एक ‘हं’ निघायचा. मोठा नाही, हातातली जड पिशवी जमिनीवर ठेवताना निघतो तेवढाच. एका कलमाला दोन काप लागतात, एक वरच्या काडीला आणि एक खालच्या रोपाला, म्हणून एका कलमाला दोन ‘हं’. नवरा लहान असताना आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचा आणि अभ्यास सोडून वडिलांचे ‘हं’ मोजायचा. जेवायला बसलं की जाहीर करायचा, “आज चौऱ्याऐंशी. भागिले दोन, बेचाळीस कलमं.” मामंजी म्हणायचे, “गणितात एवढं लक्ष घातलं असतंस तर!” पण आकडा कधी चुकायचा नाही.

चार महिने नुसतं बघून झाल्यावर मामंजींनी आपला चाकू सुनेच्या हातात दिला. वहिनींनी काडी घेतली, चाकू लांब ढकलला आणि काडीला खळगा पडला. पुन्हा ढकलला, पुन्हा खळगा. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. दोन दिवसांनी सकाळी मामंजी चहा पिता पिता एकदम म्हणाले, “अगं, चाकू उलटा आहे, तर काप पण उलटा घे. अंगाकडे ओढ.” ओढला, आणि अगदी सरळ काप आला. मामंजींनी लगेच जुन्या पट्ट्याचं चामडं कापून सुनेच्या एप्रनवर छातीपाशी शिवून दिलं, चाकू घसरला तर असू दे म्हणून. तुझ्या हाताचा नवा चाकू आणू, असं ते वर्षभर म्हणत राहिले. पण तोवर वहिनींच्या मनगटाला ही सवय लागली होती, आणि मामंजींनाही आपला चाकू घरातच नांदतोय याचं मनातून बरं वाटत होतं. राहिलं ते राहिलं.

तेहेतीस वर्षं वहिनींनी त्या चाकूनं कलमं केली. मामंजी जाऊन सहा वर्षं झाली. दगडावर घासून घासून पातं झिजलं, करंगळीएवढं अरुंद झालं, मुठीचं लाकूड काळं पडलं. अंगाकडे ओढताना श्वास आत राहतो, तेव्हा ‘हं’ वगैरे काही नाही. वहिनी मुक्यानं काम करायच्या आणि नर्सरीतली माणसं श्वास रोखून त्यांच्या छातीवरच्या चामड्याकडे बघायची.

आता त्या झाडाचं सांगते. गावच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात नासपतीचं एक झाड होतं. मामंजींनी दवाखाना नवा असताना केलेलं कलम. फळ दिसायला अगदी गबाळं, अंगभर खरबरीत, बटाटा म्हणून कुणी पिशवीत टाकलं तर शंका येऊ नये. पण पिकलं की काही विचारू नका. ज्या झाडावरून मामंजींनी काडी घेतली होती, ते कधीच गेलं होतं. ती जात आता त्या एका झाडावरच उरली होती. शेवटच्या दुखण्यात मामंजींची खाट नेमकी खिडकीपाशी होती. रोज येणाऱ्या प्रत्येक नर्सला ते झाड दाखवून सांगायचे, “ते माझं.” नर्सा म्हणायच्या, “हो का?” आणि मामंजी म्हणायचे, “हो तर!” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या झाडाच्या जागी एक्स-रेची खोली बांधायचं ठरलं. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिनं स्वतः नर्सरीत येऊन सांगितलं, “वहिनी, पुढच्या सोमवारी झाड तोडतायत. दहा दिवस आहेत. काड्या हव्या असतील तर रविवारपर्यंत घेऊन जा.” नर्सरीच्या मालकांनी खांदे उडवले. म्हणाले, “त्याहून देखणी नासपती कॅटलॉगमध्ये आहे.” वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मालक लांबच्या वाफ्याकडे निघून गेले.

हे काम दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. बाकीच्या बायका गुलाबाला डोळे भरायच्या, म्हणजे कोंबाचा डोळा सालीखाली बसवायच्या, त्यात पटाईत होत्या. पण असलं तिरक्या कापाचं कलम करणारं वहिनींशिवाय नर्सरीत कुणी उरलं नव्हतं. आणि नेमकं त्याच दुपारी वहिनींनी चाकू उघडला, तर आत काहीतरी कट्‌कन मोडलं आणि पातं लुळं पडलं. मुठीतली, पातं ताठ धरणारी कमान तुटली होती.

नवऱ्यानं संध्याकाळी चाकू उलटासुलटा करून पाहिला. “रबरबँड लावू?”

“तुमच्या बसच्या ब्रेकला लावा रबरबँड,” वहिनी म्हणाल्या.

गावातल्या दोघा दुरुस्तीवाल्यांनी हात वर केले. या चाकूची खीळ बाहेरून दिसतच नाही, मूठ फोडल्याशिवाय आत जाता येणार नाही, आणि फोडली तर आम्ही जबाबदार नाही. ज्यानं केलाय त्याच्याकडेच न्या, म्हणाले. पात्याच्या बुडाशी करणाऱ्याचा ठसा होता, एक इवलीशी गोगलगाय. चार ठिकाणी विचारल्यावर पत्ता लागला, की गोगलगायवाला उस्ताद अजून आहे, बसनं दीड तासावर, किल्ल्या करणाऱ्यांच्या गल्लीत. नवऱ्यानं बसचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वहिनी निघाल्या.

गल्ली अरुंद होती. एका बाजूला किल्लीवाले, दुसऱ्या बाजूला छत्री दुरुस्त करणारा, आणि शेवटी उस्तादाची खोली. एक खिडकी, खिडकीखाली पायानं फिरवायचं धारेचं चाक, पाण्याचा डबा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली पाती. उस्ताद पंचाहत्तरीचा, हडकुळा, चष्म्याच्या एका काडीला तार गुंडाळलेली. वहिनींनी चाकू समोर ठेवला आणि गोगलगायीबद्दल विचारलं. उस्ताद खूश झाला.

“माझा गुरू मला गोगलगाय म्हणायचा. हातात घेतलेलं काम संपतच नाही म्हणून. वेगळं दुकान टाकलं तेव्हा म्हटलं, चला, तेच नाव लावू. त्यालाही बरं वाटेल. त्याला नाही वाटलं बरं!”

मग त्यानं चाकू उचलला आणि भिंगाखाली धरला. पातं उजेडात फिरवलं. ठशावरून अंगठा फिरवला. पुन्हा भिंग लावलं.

“कधीचा?” त्यानं विचारलं.

“पन्नासेक वर्षं झाली. माझ्या सासऱ्यांनी घेतलेला. तुमच्याकडूनच.”

“आणि आता कोण वापरतं?”

“मी.”

उस्तादानं पत्ता लिहायला पेन्सिल पुढे केली आणि वहिनी लिहीत असताना त्यांच्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पातं बदलू का? फार झिजलंय.”

“पातं तेच ठेवा. बाकी काही बदला.”

“बरं,” उस्ताद म्हणाला. “शनिवारी या. घाई करू नका. हे काम मी नीट करून देणार.” ‘नीट’ वर त्यानं जरा जास्तच जोर दिला, पण वहिनींच्या ते लक्षात आलं नाही. मामंजी डावरे होते हे सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ज्यानं चाकू केला त्यालाच चाकू कसा आहे ते काय सांगायचं?

शनिवारी चाकू मिळाला तो बघत राहावा असा. मूठ तेल पिऊन तजेलदार झालेली, आणि पातं उघडलं की असा खणखणीत ‘टक्’ आवाज, की वहिनींनी परतीच्या बसमध्ये तो निदान वीस वेळा ऐकला. शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला. आता पात्याच्या दोन्ही अंगांना गोगलगाय होती, एक जुनी, पुसट आणि एक नवी, कोरी. दुरुस्तीची सही असेल, वहिनींना वाटलं. त्यांना गंमत वाटली.

रविवारी नासपतीच्या झाडावरून त्यांनी अकरा काड्या उतरवल्या. उशीरच झाला होता, डोळे फुगायला लागले होते. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या तरी तीन दिवस, फार तर चार. एकदा डोळा फुटला की काडी कामातून गेली. सोमवारी सकाळी दवाखान्याकडून करवतीचा आवाज यायला लागला, तेव्हा वहिनी मागच्या दारी खोक्यासमोर बसल्या. खोक्याच्या एका बाजूला रोपं मांडली. काडी घेतली, चाकू अंगाकडे ओढला.

खळगा.

हात चुकला असेल म्हणून दुसरी काडी घेतली. पुन्हा खळगा. खरं तर इथे थांबायला हवं होतं, पण माणूस घाबरलं की थांबत नाही. तिसरी काडी घेतली, तिचाही सत्यानाश झाला. दोन काप एकमेकांवर धरून वहिनींनी उजेडाकडे बघितलं, तर मधून आरपार ऊन दिसत होतं. एवढी फट असलेलं कलम लागायचं नाव नको. आणि मग त्यांनी पातं डोळ्यांजवळ नेलं. जिथं सपाट असायला हवं तिथं उतार होता. जिथं उतार हवा तिथं सपाट. उस्तादानं चाकू फिरवला होता!

तेवढ्यात करवतीचा आवाज थांबला. आता मागे झाड नव्हतं. फक्त आठ काड्या होत्या. वहिनींना राग आला. दुपारच्या बसनं त्या निघाल्या, खिशात चाकू आणि पिशवीत बिघडलेल्या तीन काड्या, पुरावा म्हणून.

“हे काय करून ठेवलंत तुम्ही?” उस्तादाच्या दारातच त्यांचा आवाज चढला. समोरच्या छत्रीवाल्यानं काम थांबवलं. “कमान तुटली होती, कमान! धारेला हात लावायला कुणी सांगितलं होतं?”

उस्ताद हसत होता. बिचाऱ्याला वाटलं, बाई आभार मानायला आल्या. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं.

“बाई, बसा,” तो म्हणाला. “मीच सांगणार होतो, पण लाज वाटली. तुमच्या चाकूला उतार चुकीच्या अंगाला होता. ठसाही चुकीच्या अंगाला. आणि ठसा माझाच. म्हणजे चूक माझीच की! तेव्हा मी नवा होतो, दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. गुरू म्हणायचाच, तुझ्या हातून उलटसुलट होणार. मला वाटलं, झालं ते. पन्नास वर्षं माझा एक चुकलेला चाकू कुणाच्या तरी घरात वापरला जातोय, माणसं मुकाट्यानं वाकडा हात करून काम करतायत, आणि मला पत्ता नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. म्हटलं, गुपचूप नीट करून देऊ. मरायच्या आधी एवढं तरी.”

वहिनींचा राग होता तिथंच अडकला. “उस्ताद,” त्या म्हणाल्या, “तुम्ही चुकला नव्हतात. माझे सासरे डावरे होते.”

उस्तादानं चष्मा काढला.

“पेन्सिल कानावर ठेवायचे?” त्यानं विचारलं. “डाव्या कानावर?”

“हो.”

“आणि समोरचा बोलत असला की ‘हो तर, हो तर’ करायचे?”

“अहो, हो तर!” वहिनी म्हणाल्या.

“इथंच बसले होते. अख्खी दुपार. तीनदा पातं घासून घेतलं माझ्याकडून. म्हणाले, ठसासुद्धा माझ्या बाजूला मार, मला दिसला पाहिजे.” उस्तादानं कपाळावर हात मारून घेतला. “बाई, माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते, आणि मी ते चूक समजून पुसून टाकलं.”

आता या माणसावर काय रागवायचं? वहिनींनी त्याला पाणी ओतून दिलं, त्याच्याच माठातलं, त्याच्याच पेल्यात. मग कामाचं विचारलं. पातं पुन्हा उलट फिरवता येईल का? उस्तादानं पातं बोटांत धरून मान हलवली. एवढं झिजलेलं पातं, अजून एकदा फिरवलं तर हातात कागद उरेल. नवं पातं घडवायला आठवडा. आणि काड्यांना आठवडा नव्हता, उद्याचा दिवस होता. वहिनींनी तेही सांगितलं. झाडाचं सांगितलं, खिडकीपाशी असलेल्या खाटेचं सांगितलं. ही एक गोष्ट हातून गेली तर मामंजींचं म्हणून जगात काही उरणार नाही, असं त्या सरळ बोलून गेल्या. इतकी वर्षं हे त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या, नवऱ्याजवळसुद्धा नाही.

मग उस्ताद म्हणाला, “त्यांना काम करताना मी कधी पाहिलं नाही. कसे करायचे?” काही सुचून नाही, नुसतंच विचारलं त्यानं. माणूस गेलेल्याबद्दल विचारतो तसं.

“कसे म्हणजे?” वहिनींनी स्टूल ओढून घेतलं. “ते असे बसायचे, मी समोर. गुडघे जुळवून. कोपर अंगाला लावून.” बोलता बोलता त्यांनी पिशवीतली बिघडलेली एक काडी काढली, चाकू ‘टक्’ करून उघडला. मामंजी समोर बसलेले दिसायचे, तेव्हा त्यांचा डावा हात वहिनींच्या उजव्या हातासमोर असायचा. म्हणून दाखवताना वहिनींचा उजवाच हात पुढे झाला. “डोकं थोडं कलतं. आणि मग असा चाकू लांब…”

ढकलला. काडीवरून एक लांब, पातळ कपचा सुटला आणि वेटोळं होऊन उस्तादाच्या पायाशी पडला.

वहिनींनी काडी उजेडात धरली. काप काचेसारखा सरळ होता.

त्यांनी पुन्हा ढकलला. पुन्हा सरळ. चार महिने रोज समोर बसून त्यांनी हेच तर पाहिलं होतं. डोळ्यांना ते तेव्हाच येत होतं. हाताला कधी मिळालं नव्हतं, कारण हातात चाकू उलटा होता. सरळ चाकू हातात येताच त्यांचा उजवा हात मामंजींच्या डाव्या हातासारखा चालला, आरशातल्यासारखा. तेहेतीस वर्षं त्या आपल्या युक्तीनं कलमं करत होत्या, आणि मामंजींची रीत इथे मनगटात कुठेतरी तशीच पडून होती. वहिनींना रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसाचं तोंड जसं होतं तसं झालं.

“काय झालं?” उस्तादानं घाबरून विचारलं. “पुन्हा बिघडलं?”

“नाही हो,” वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. “अजून एक काडी द्या इकडे.”

तिन्ही काड्यांचा पार भुगा होईपर्यंत त्या तिथं बसून काप घेत राहिल्या. उस्ताद खाली वाकून कपचे गोळा करत होता आणि एकेक उजेडात धरून बघत होता. निघताना तो चाचरत म्हणाला, नवं पातं करून ठेवू का, डाव्या उताराचं? वहिनींनी क्षणभर विचार केला. “नको,” त्या म्हणाल्या. “आता कुठं सरळ झाला आहे.” आणि चाकू एप्रनच्या खिशात गेला.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. आठ कलमांपैकी सहा लागली. एक दवाखान्याच्या नव्या खोलीच्या मागे आहे, डॉक्टरीणबाई स्वतः त्याला पाणी घालते. एक उस्तादाच्या खिडकीत डब्यात आहे. तिथं ते किती वाढणार देव जाणे, पण तो ऐकायलाच तयार नव्हता. एक नर्सरीच्या मालकांनी मागून घेतलं, वाफ्याच्या कडेला उभं राहून, जमिनीकडे बघत. बाकीची तीन घरी आहेत आणि नवऱ्याला त्यांच्या जवळ फिरकायची मनाई आहे.

पण मला सांगायचं आहे ते मंगळवारचं. वहिनींनी रजा टाकली होती. दुपारी मागच्या दारी त्याच खोक्यासमोर त्या बसल्या, या वेळी मामंजी बसायचे त्या बाजूला. एप्रनवरचं चामडं आता काही कामाचं नव्हतं, तरी होतंच. पहिली काडी घेतली, कोपर अंगाला लावलं. काप घेतला, रोपाला काप दिला, दोन्ही जुळवून उजेडाकडे धरलं. फट नाही. पट्टी गुंडाळली. दुसरी घेतली. मग तिसरी. कामात डोकं इतकं गेलं की कशाचंच भान राहिलं नाही. दवाखान्याच्या बाजूला कुदळींचा आवाज चालू होता, तोही ऐकू येईना. शेवटच्या कलमाला पट्टी गुंडाळून गाठ मारली आणि त्यांनी पाठ सरळ केली.

नवरा बस लावून कधीचा घरी आला होता आणि आतल्या खोलीत पडला होता. त्याला हाक मारून सांगावं, झालं म्हणून, असं वहिनींच्या मनात आलं. पण त्याआधी आतूनच आवाज आला.

“आठ झाली ना?”

“तुम्हाला कसं कळलं?” वहिनींनी विचारलं. “इथून दिसतं का तुम्हाला?”

मग नवरा दारात येऊन उभा राहिला. एरवी दारात आला की काहीतरी वेडंवाकडं बोलणार हे ठरलेलं. आज तो खोक्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा दहा वर्षांच्या मुलाचा झाला होता.

“सोळा ‘हं’ ऐकले,” तो म्हणाला. “भागिले दोन.”